बहिष्काराची किंमत कोण मोजतो?

२०२२ च्या डिसेंबरात कतारमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू होता. चाकणला आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी तावातावाने सांगत होतो, की जी स्टेडियम उभारताना परदेशी मजुरांचे जीव गेले, तिथे खेळाडूंनी पाऊलही ठेवायला नको होतं. समोर बसलेला सहकारी एकेकाळी जिल्हा पातळीवर कबड्डी खेळलेला. भाकरी मोडत तो म्हणाला, "आपला माल जातो का रे तिकडं?" त्या मालाच्या तपासणीचं सॉफ्टवेअर मी लिहितो. तो कुठे जातो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. १९३२ साली भारताचा संघ पहिली कसोटी खेळायला इंग्लंडला निघाला, तेव्हा गांधीजी आणि इतर नेते तुरुंगात होते. त्याच्या निषेधार्थ मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे एल. पी. जय, विजय मर्चंट आणि चंपक मेहता दौऱ्यापासून दूर राहिले. दौरा काही थांबला नाही. २५ जूनला लॉर्ड्सवर कसोटी सुरू झाली. मर्चंट तेव्हा विशीत होते, ते पुढे १० कसोट्या खेळले. जय तिशीला टेकलेले. त्यांच्या वाट्याला १९३३ मध्ये मुंबईत एकच कसोटी आली.

मग त्या नकाराने काय साधलं? हिशेब करायचा तर १९२० कडे बघावं. हिंदू संघातून बाळू पालवणकरांना वगळलं आणि विठ्ठल यांना डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी खेळायला नकार दिला. अंतिम सामन्याला बाळू उपकर्णधार म्हणून परतले. मागणी नेमकी होती आणि संघाला या भावांची गरज होती. जय यांच्या नकाराने साम्राज्याचं काहीच अडत नव्हतं. तरीही मला तो पोकळ वाटत नाही, कारण त्याची किंमत नकार देणाऱ्यानेच मोजली.

कुणी म्हणेल, यंत्राच्या सुट्या भागाने राजवटीची शान वाढत नाही, खेळाडूमुळे वाढते. म्हणून त्याची जबाबदारी मोठी. हे मला मान्य आहे. खेळाडू सगळ्यातून मोकळा नाहीच. पण व्यापार चालू, विमानं चालू, तेल चालू, आणि बावीस वर्षांच्या पोराने तेवढी आयुष्यातली एकमेव संधी सोडायची, ही नीती कसली? आम्ही चाकणला बरीच कामं कंत्राटावर देतो. ही विवेकबुद्धी कंत्राटावर देण्याची पद्धत झाली.

खेळाडूने स्वतःहून नकार दिला तर त्याला सलाम. मात्र तो त्याच्याकडे मागायचा हक्क, त्याच कारणासाठी स्वतः काही सोडायला तयार असलेल्यालाच आहे.

पुढच्या आठवड्यात मी डिस्पॅचला जाऊन विचारलं. यादीत आखातातली दोन बंदरं होती. मी राजीनामा दिला नाही. फायनल मात्र मी पाहिली, आणि त्या रात्री कुठल्याही खेळाडूबद्दल चकार शब्द काढला नाही.