ब्लॉकेज, दैव आणि पुरुषकार

अँजिओग्राफीचा अहवाल हाती आला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "स्टेंट टाकून मोकळे व्हा." दुसरा म्हणतो, "तेल-तूप तोडा, चालायला लागा. उगाच चिरफाड कशाला?" भांडण उपचारांचं दिसतं, पण त्याच्या बुडाशी प्रश्न जुनाच आहे: वाट्याला आलेल्या दुखण्याचा कर्ता कोण, आणि ते निस्तरायचं कोणी?

हार्ट अटॅक चालू असताना या चर्चेला वेळ नसतो. बंद पडलेली धमनी तातडीनं उघडली तर जीव वाचतो. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल तर बायपासनं आयुष्य वाढतं. वादाला जागा उरते ती चढावर छाती भरून येणाऱ्या आणि थांबलं की बरं वाटणाऱ्या रुग्णापुरती.

अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांनी अशा रुग्णाच्या हाती सूत्रं दिली. स्वामी सच्चिदानंदांकडे योग शिकलेल्या या डॉक्टरांनी अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, ध्यान, व्यायाम आणि धूम्रपानबंदी अशी पथ्यं घालून दिली. 1990 साली 'लॅन्सेट'मध्ये एका वर्षाचे निष्कर्ष आले. धमन्यांचं सरासरी अरुंदपण 40 टक्क्यांवरून 37.8वर उतरलं होतं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ते 42.7वरून 46.1वर चढलं होतं. रुग्णांची संख्या पन्नासाच्या आत आणि घट जेमतेम, तरी दिशा उलटली होती.

धमनी उघडण्यावरच्या श्रद्धेचीही परीक्षा झाली. 2007च्या 'करेज' अभ्यासात 2,287 रुग्ण होते, पुढच्या 'इस्केमिया'त 5,179. औषधं आणि पथ्य यांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास करूनही स्थिर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण घटलं नाही. 2017मध्ये ब्रिटनच्या 'ऑर्बिटा'नं तर कमाल केली. गुंगीचं औषध, कानात संगीत, सगळा थाट तोच. पण एका गटात स्टेंट बसवलाच नाही. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या व्यायामक्षमतेत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मात्र 2023च्या 'ऑर्बिटा-2'मध्ये, छातीदुखीच्या गोळ्या थांबवलेल्या रुग्णांचं दुखणं स्टेंटनं खरोखर कमी केलं.

म्हणजे दोन्ही तटांच्या पदरात अर्धाच विजय.

उरतो तो कर्त्याचा जुना प्रश्न. चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारतो, आयुष्य ठरलेलं असतं का? आत्रेय सांगतात की ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, यांच्या बलाबलावर अवलंबून असतं. पुरुषकार जोरकस असेल तर दुबळ्या दैवावर मात करतो. सगळं आधीच ठरलेलं असतं तर औषधं, मंत्र, होम यांच्या वाटेला कोण गेलं असतं, असा त्यांचा बिनतोड सवाल आहे. पण याच उत्तरात एक मेख आहे. दैव म्हणजे पूर्वजन्मीचं आपलंच कर्म, असं आत्रेय म्हणतात. मग दोष फिरून रुग्णाच्याच दारात येतो.

आजचे पथ्यप्रचारक पूर्वजन्म वगळतात, दोष तेवढा ठेवतात: वडे खाल्लेत, आता भोगा. त्यांना संयुत्तनिकायातलं मोलियसीवक सुत्त ऐकवायला हवं. माणसाला जे जे भोगावं लागतं ते सारं पूर्वकर्माचंच, हे मत बुद्ध तिथे नाकारतात. पित्त, कफ, वात, त्यांचं मिश्रण, ऋतुबदल, हेळसांड, आघात अशी कारणं मोजून झाल्यावर आठवं म्हणून कर्मविपाक येतो. या यादीत आज जनुकं घालावी लागतील. कोलेस्टेरॉलच्या आनुवंशिक दोषाचं मूळ शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली नोबेल मिळालं. आई आणि वडील दोघांकडूनही तो दोष आलेल्या मुलाला लहानपणीच हार्ट अटॅक येऊ शकतो. त्याला कोणत्या वड्यांचा हिशेब मागणार?

दुखणं ओढवल्याचा दोष आणि ते निस्तरण्याची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली माथी नसतानाही दुसरी घेता येते. स्टेंट बसवलेल्यालाही रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, स्टॅटिन आणि रोजचं चालणं चुकत नाही. आणि औषध-पथ्य काटेकोर पाळूनही जिन्यावर छाती भरून येते म्हणून जो स्टेंटकडे वळतो, त्यानं प्रयत्न सोडला असं आत्रेयांच्या तर्कानं म्हणता येणार नाही. उपचार करून घेणं हाही त्यांच्या लेखी पुरुषकारच आहे.