दोन नळ

मराठीत नळ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक घरातली तोटी आणि दुसरा पाणवठ्यावर वाढणारे उंच, पोकळ दांड्याचे गवत. बीडमध्ये पहिल्या नळाची चर्चा रोज होते, कारण तो किती दिवसांनी येईल याचा भरवसा नसतो. दुसऱ्याकडे कुणी पाहत नाही. खुशखत शिकवताना आम्ही मुलांच्या हाती बोरूचा कलम देतो, तोही अशाच पोकळ गवताचा. तेवढीच आमची त्याची ओळख.

बिंदुसरा बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, पालीच्या धरणातून शहरात शिरते आणि शहराचे सांडपाणी पोटात घेऊन सिंदफणेला मिळते. सिंदफणा पुढे मंजरथला गोदावरीत जाते. आमच्या मोरीतून सुटलेले पाणी असे कुणाच्या तरी घाटावर पोहोचते.

अशा पाण्यात नळ आणि पाणकणीस जोमाने वाढतात. पोकळ दांड्यातून हवा खाली मुळांपर्यंत जाते, थोडी चिखलात झिरपते. त्या हवेवर जगणारे सूक्ष्म जीव मुळांना चिकटून सांडपाण्यातली घाण खातात. म्हणजे खरे काम जीवाणूंचे. नळ त्यांना घर आणि श्वास देतो. केटे झाइडल या जर्मन विदुषीने १९५०च्या दशकात पाणगवतांवर असे प्रयोग केले, तेव्हा जाणकारांचाही त्यावर सहजी विश्वास बसला नव्हता. पुढे आपल्याकडे नागपूरच्या नीरी या संस्थेने याच तत्त्वावर 'फायटोरिड' पद्धत बसवली. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात तसा प्रकल्प झाला. त्यात पाणी खडीच्या थरातून वाहते, उघड्यावर साचत नाही, म्हणून डासही होत नाहीत.

असे पाणी पाक म्हणायचे का? फिकहमध्ये कसोटी रंग, वास आणि चव यांची आहे. १९७८ साली सौदी अरेबियातल्या ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने निर्णय दिला की, शुद्ध केलेल्या सांडपाण्यात या तिन्हींपैकी घाणीची एकही खूण उरली नसेल तर ते तहारतीला चालते. पिण्याच्या बाबतीत मात्र आरोग्याचा विचार आधी करावा. आम्हाला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

पण त्यातून मनात एक आळशी विचार डोकावतो: धुणारा आहे ना, मग मळवायला हरकत काय? हा विचार आपल्या समाजाला नवा नाही. गावाचा मैला उपसायला माणसांची एक जातच नेमून दिली होती, आणि ती आहे म्हणून बाकीचे बिनघोर होते. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली आणि पुन्हा अधिक व्यापक स्वरूपात २०१३ साली करावा लागला; तरी गटारात उतरलेला माणूस मेल्याच्या बातम्या येतच राहतात. त्या माणसाच्या जागी गवत आले तर आनंदच आहे. पण सवय तीच राहिली तर?

शिवाय नळ सगळे पचवत नाही. कारखान्यातल्या पाण्यातले शिसे, क्रोमियम नष्ट होत नाही; ते चिखलात आणि मुळांत साठून राहते. पाणकणसाला मोकळे सोडले तर ते तळेच बुजवून टाकते. त्याच्या एका कणसातून लाखांच्या घरात बी वाऱ्यावर उडते. आणि तरी त्याच दाटीत पाणकोंबडी पिल्ले वाढवते. सगळे उपटून टाका म्हणणाऱ्यांनी एकदा काठावर उभे राहून पाहावे.

दुसरी अट अधिक अवघड. नळाने शोषलेले नत्र आणि स्फुरद त्याच्या पानांत असते. वेळेवर कापून बाहेर काढला नाही, तर तो तिथेच कुजतो आणि घेतलेले बरेचसे पाण्याला परत करतो. म्हणजे दरसाल कुणीतरी विळा घेऊन त्या पाण्यात उतरायलाच हवे. बूट, हातमोजे आणि पुरेशी मजुरी न देता आपण पुन्हा त्याच वस्तीतल्या माणसाला हाक मारणार असू, तर नळ लावून काय बदलले? बिंदुसरेकाठी असे काही करायचे ठरले तर खर्चाच्या कागदावर पहिली ओळ कापणाऱ्याच्या मजुरीची असावी, रोपांची त्यानंतर.