मुदत सरलेल्या नावाचा लिलाव

इंटरनेटवरचे डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही, ते मुदतीने वापरायला मिळते. ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची घेता येते. छोटे व्यावसायिक सहसा वर्षावर्षाचे पैसे भरतात. पैसे भरायचे राहिले तरी नाव लगेच हातचे जात नाही. ‘डॉट कॉम’च्या बाबतीत मुदत संपल्यावर नोंदणी कंपनी पंचेचाळीस दिवसांपर्यंत नूतनीकरणाची संधी देऊ शकते. त्यानंतर नाव रद्द झाले, तर आणखी तीस दिवस जादा शुल्क भरून ते सोडवता येते आणि शेवटचे पाच दिवस उलटले की ते कोणालाही घेता येते. प्रत्यक्षात बरी नावे तिथवर पोहोचतच नाहीत. नोंदणी कंपन्या पहिल्या सवलतीच्या काळातच ती लिलावाला काढतात.

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो, तेव्हा माल डोळ्यांसमोर असतो. खरेदीदार कांदा हातात घेतो, दाबून पाहतो आणि मग बोली लावतो. डोमेनच्या लिलावात हातात घेण्यासारखे काही नसते. नाव आखूड आणि सुटसुटीत असेल, तर त्याची किंमत समजण्यासारखी आहे. पण पुष्कळदा बोली लागते ती नावाच्या पूर्वायुष्यावर. वर्तमानपत्रांनी, शाळांनी, सरकारी पानांनी त्या पत्त्याकडे दिलेले दुवे, जुन्या गिऱ्हाइकांची तिथे येण्याची सवय आणि या सगळ्यामुळे शोधयंत्रांत मिळालेली पत, हा इथला खरा माल. जाणता खरेदीदार ‘वेबॅक मशीन’वर त्या पत्त्याची जुनी पाने उघडून पाहतो, कारण मधल्या काळात तिथे जुगाराचा किंवा फसवणुकीचा धंदा चालला असेल, तर तो डागही नावाबरोबर येतो.

सोलापूरच्या नावात आणखी एक गुंता आहे. इंग्रज अमदानीत शहराचे नाव रोमन लिपीत ‘एस’पुढे ‘एच’ घालून लिहीत. आज तो ‘एच’ गळाला आहे. चादरीच्या स्पेलिंगमध्ये ‘डी’ एक की दोन, यावरही एकमत नाही. चादरीच्या एखाद्या व्यापाऱ्याला आपल्या नावाची सगळी रूपे सांभाळायची, तर चार-पाच पत्ते घ्यावे लागतात आणि दरवर्षी त्या प्रत्येकाचे पैसे भरावे लागतात. त्यातला कमी वापराचा पत्ता आधी सुटतो. 2014 साली देवनागरीतले ‘डॉट भारत’ सुरू झाले. त्यात हा स्पेलिंगचा घोळ उरत नाही, पण व्यापाराचा व्यवहार अजून रोमन पत्त्यांवरच चालतो.

याच चादरीच्या नावाला दुसरीकडे कायद्याने वेगळी वागणूक दिली आहे. ‘सोलापुरी चादर’ला भौगोलिक मानांकन मिळाले ते 2005-06 मध्ये. 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार असे नाव विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कोणाला भाड्यानेही देता येत नाही. या नोंदणीचेही दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, पण ते चुकले म्हणून नाव जास्त बोलीवाल्याच्या पदरात पडत नाही. विणकरांच्या पिढ्यांनी कमावलेली पत त्या गावाची आणि त्या कारागिरीची आहे, असे हा कायदा मानतो. डोमेनची व्यवस्था एवढेच पाहते, की यंदाचे पैसे कोणी भरले. पहिली दृष्टी अधिक न्याय्य आहे. दुकानाचा पत्ता लोकांच्या तोंडी बसतो तो दुकानदाराच्या वर्षानुवर्षांच्या सचोटीमुळे, आणि लिलावात ती सचोटी तिच्याशी काडीचा संबंध नसलेल्याच्या हाती जाते.

मालकी म्हणजे काय, हा प्रश्न सोलापूरने एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आहे. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीचा कारभार सरकारने 1950 मध्ये वटहुकमाने ताब्यात घेतला. कागदोपत्री गिरणी कंपनीचीच राहिली होती. तरीही 1953 च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की सगळा ताबा काढून घेणे म्हणजे मालमत्ताच काढून घेणे. डोमेनमध्ये स्थिती उलटी आहे: मालकी नाही, पण मुदत चालू असेतोवर ताबा पूर्ण आहे.

आणि तो ताबा निव्वळ संकेतस्थळापुरता नसतो. नव्या धारकाला त्या नावावरचे ईमेल पत्ते पुन्हा उभे करता येतात. जुन्या गिऱ्हाइकांची पत्रे, बिले, दुसऱ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे मग त्याच्याकडे येऊ लागतात. लहान पतसंस्था, शाळा आणि कारखाने यांना हा धोका अधिक, कारण डोमेन बहुधा संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या खात्यावर असते आणि मुदतीची सूचनाही त्यालाच जाते. मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट’ सेवेचे नाव नूतनीकरणावाचून राहिले आणि त्या कंपनीशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरने 35 डॉलर भरून ते सावरले.

गेलेले नाव परत मिळवायला मार्ग आहे. 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या नावाशी मिळत्याजुळत्या पत्त्याला मनाई केली, तर 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. ‘डॉट इन’साठी लवादाची सोय आहे, तिथे तक्रारदाराला नावावरचा आपला हक्क दाखवावा लागतो आणि समोरच्याचा हेतू वाईट होता आणि त्याला त्या नावात रास्त हितसंबंध नाही, हे दोन्ही पटवून द्यावे लागते. लवाद नाव परत देववू शकतो. मधल्या महिन्यांत त्या पत्त्यावर आलेली पत्रे मात्र तोवर वाचून झालेली असतात.