अनिकेत आणि ताडपत्री

दिवाळी उलटली की सुरत जिल्ह्यातल्या पलसाणा, बारडोली, कामरेज या तालुक्यांत ऊसतोड सुरू होते आणि नवापूर-नंदुरबारकडून, डांगातून, सोनगड-व्यारा पट्ट्यातून मजुरांच्या टोळ्या उतरू लागतात. चलथाणचा सहकारी साखर कारखाना पलसाणा तालुक्यातच आहे, बारडोलीचा शेजारी. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी इथली मोजणी. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल फेडत हे कोयते उन्हाळा चढेपर्यंत रस्त्याकडेला नाहीतर शेताच्या बांधालगत पडाव टाकून राहतात. त्यांची कोपी म्हणजे बांबूच्या काठ्या, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर उसाचे पाचट, आत भांडी आणि पोरे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली बारडोली भागातल्या या हंगामी मजुरांवर लिहिले. तेव्हापासून कारखाने मोठे झाले, महामार्ग सहापदरी झाला. पडाव मात्र अजून कागदाखालीच आहेत. सहा महिन्यांच्या मुक्कामाला किती टिकाऊ छप्पर हवे, हा प्रश्न एरवी बाजारात, दुकानदाराच्या तोंडून सुटतो. माझ्या मते तो धर्माचा प्रश्न आहे, आणि आपल्याकडच्या परंपरांनी त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे.

आधी उलट बाजू मांडायला हवी, कारण ती हलकी नाही. जे काही आहे ते जाणारे आहे. मग जो स्वतःच चार दिवसांचा पाहुणा त्याने छपराच्या मजबुतीची चिंता का करावी? गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘अनिकेत’ असणे, म्हणजे घराचा आधार न धरणे, हे भक्ताच्या लक्षणांत मोजले आहे. महानुभाव परंपरा ज्यांना भरूचचे राजपुत्र मानते त्या चक्रधरांनी शिष्यांना देशाच्या टोकाला, झाडाखाली आयुष्य काढायला सांगितले. आणि पलसाण्यापासून फार दूर नसलेल्या कराडी गावात १९३०च्या एप्रिलमध्ये गांधी खजुरीच्या झावळ्यांच्या झोपडीत राहत होते. मेच्या आरंभी त्यांना अटक झाली तीही तिथूनच. इतकी मोठी माणसे पाल्याखाली राहिली, तर उसाच्या फडातल्या माणसाला कागद का पुरू नये, असे कोणी उघड विचारत नाही. पण ‘त्यांना सवय असते’, ‘सहा महिन्यांचा तर प्रश्न’ अशा बोलण्यात हाच विचार झिरपलेला असतो. अनित्यतेचे तत्त्वज्ञान दुसऱ्याच्या गळक्या छपराचे समर्थन बनते, ते असे नकळत.

अनित्यता ज्यांनी सर्वांत कठोरपणे शिकवली त्यांनी छपराबद्दल काय नियम केले, हे म्हणून पाहण्यासारखे आहे. भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या बौद्ध विनयपिटकातल्या महावग्गात वर्षावासाचे एक प्रकरण आहे. भिक्षूने पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे असे ठरल्यावर प्रश्न आला की जागा कोणती चालेल. उघड्यावर वर्षावास चालणार नाही; झाडाच्या ढोलीत, फांद्यांच्या बेचक्यात चालणार नाही; नुसत्या छत्रीखाली नाही, मोठ्या रांजणात नाही. पण गुराख्यांच्या वाड्यावर, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आणि नावेवर मात्र परवानगी आहे. वाडा हलला तर भिक्षूने त्याच्याबरोबर हलावे. या यादीत एक स्पष्ट निकष आहे. मुक्काम फिरता असण्याला हरकत नाही. ज्याला निवारा म्हणता येत नाही अशा आडोशाला मात्र आहे. तांडा आज इथे, उद्या तिथे, तरी चालतो, कारण तांड्यात माणसाची सोय लागते. छत्री कायम एका जागी रोवली तरी चालत नाही, कारण तिच्याखाली पावसाळा निघत नाही. किती दिवस राहणार आणि कशाखाली राहणार, हे दोन प्रश्न विनयाने वेगळे ठेवले. आपण ते एकत्र करतो आणि मुदत कमी म्हणून छप्पर कमी करतो.

त्याच विनयात भिक्षूने स्वतःसाठी, लोकांकडून साहित्य मागून बांधलेल्या कुटीची लांबी बारा वीत आणि रुंदी सात वीत अशी मर्यादा घातली आहे, ती हाव आवरावी म्हणून. पण त्याच नियमात पुढे अट आहे की जागा संघाला दाखवावी, ती धोक्याची नसावी आणि कुटीभोवती फिरण्याइतकी मोकळी असावी. जुने स्पष्टीकरण तर जुंपलेली गाडी फिरेल इतकी जागा म्हणते, आणि धोक्यांत मुंग्या, वाळवी, साप, विंचू मोजते. उसाच्या फडाजवळ पडाव टाकणाऱ्याला ही यादी समजावून सांगावी लागणार नाही. विरक्तीने आकार लहान केला. सुरक्षितता तिने एका वितीनेही कमी केली नाही.

दुसरी साक्ष ज्यू धर्माची, जो कोकणातल्या बेने इस्राएल समाजामुळे मराठीला परका नाही. सुकोत या सणात सात दिवस पक्के घर सोडून, पालापाचोळ्याने शाकारलेल्या तात्पुरत्या मांडवात राहायचे असते, वाळवंटातल्या भटकंतीची आठवण म्हणून. इथे छप्पर कच्चे असणे हाच धर्म. तरीही मिश्ना या जुन्या ज्यू नियमसंग्रहाने विचारले की पाऊस आला तर मांडव केव्हा सोडावा, आणि उत्तर दिले की ताटातले अन्न बिघडू लागेल तेव्हा. पुढे त्यावरच्या तालमुद या ग्रंथाने नियम केला की ज्याला तिथे राहण्याचा त्रास होतो त्याच्यावर हे बंधन नाही. ज्याला मागे पक्के घर आहे त्याच्यासाठीच कच्च्या छपराचा धडा आहे, आणि तोही त्रास सुरू होताच थांबतो. गांधींची झोपडी याच प्रकारातली होती. त्यांना साबरमतीला छप्पर होते आणि ते त्यांनी सोडले होते. ज्याच्याजवळ काही नव्हतेच त्याने काय सोडले? त्याग करणाऱ्याचे पुण्य वंचिताच्या नावावर जमा करणे ही त्यागाचीही अवहेलना आहे.

तिसरी साक्ष तर पलसाण्याच्या रस्त्यावरच आहे. जैन साधुसाध्वी चातुर्मासात एका गावी थांबतात आणि उरलेले आठ महिने पायी विहार करतात. त्यांच्यासाठी गुजरातच्या महामार्गांवर चालण्याच्या टप्प्यांवर विहारधामे बांधली आहेत: पक्के छप्पर, स्वच्छ जमीन, मुक्काम बहुधा एका रात्रीचा. ही व्यवस्था फार सुंदर आहे. एका रात्रीच्या पाहुण्याला पक्का निवारा द्यावा हे या समाजाला कळते, जमते आणि त्यासाठी पैसाही उभा राहतो. ऊसतोड मजुराचे वर्षही तसेच विभागलेले असते: चातुर्मास घरी, मग वाट. म्हणजे मुक्काम थोडा म्हणून निवारा थोडा, हा नियम आपण खरे तर कुठेच पाळत नाही. आलेला माणूस आपल्याला पूज्य वाटतो की नाही, यावर छप्पर ठरते. आणि ज्याच्या कष्टावर कारखान्याचे गाळप चालते तो यजमानाच्या दृष्टीने पाहुणा नसेल, तर अतिथीधर्म नेमका कुणासाठी सांगितला, याचे उत्तर द्यावे लागेल.

आता टिकाऊ म्हणजे काय ते नीट पाहू, कारण इथे हळहळ कामाची नाही. साधा काळा पॉलिथिनचा कागद विणलेला नसतो. काठीचे टोक लागले की फाट सरळ पुढे धावते. दोरी बांधायला कडी नसते, म्हणून कोपऱ्यात खडा गुंडाळून गाठ मारतात आणि कागद तिथेच फाटतो. काळा रंग ऊन शोषतो, त्यामुळे मार्चमध्ये दुपारी आत बसवत नाही. विणलेल्या एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या) पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी थर दिलेली ताडपत्री वेगळी वागते. छिद्र पडले तरी विणीमुळे फाट थांबते. कडा दुमडून आत दोर घातलेला असतो, ठरावीक अंतरावर कड्या असतात. भारतीय मानक संस्थेचे आयएस ७९०३ हे मानक याच ताडपत्रीसाठी आहे. घेताना वजन पाहावे, कडा पाहावी, आणि मुख्य म्हणजे अतिनील किरणांना रोखणारे द्रव्य मिसळले आहे का ते विचारावे. प्लॅस्टिकच्या रेणूंच्या साखळ्या पावसापेक्षा उन्हाने जास्त तुटतात. रंग फिका असावा. वर पाचट घालायचे तर मध्ये हवा खेळेल असे अंतर ठेवून, आणि चूल छपराबाहेर, कारण प्लॅस्टिक आणि पाचट दोन्ही पेट घेतात. हंगाम कोरडा असतो असे म्हणणाऱ्यांनी डिसेंबर २०१७ आठवावा: ओखी चक्रीवादळ सुरतेच्या किनाऱ्याकडे येता येता विरले, पण पाऊस ऐन तोडीत पाडून गेले. जागतिक मदतसंस्थांच्या स्फिअर मानकांत आपत्तीनंतरच्या निवाऱ्यातही माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा धरली आहे, स्वयंपाकाची जागा सोडून. पडावावरच्या कोपीत वाकून शिरावे लागते, आणि इथे तर कोणतीही आपत्ती आलेली नाही. हे दरवर्षी ठरवून घडते.

एक आक्षेप असा की मजूर स्वतःच स्वस्त कागद निवडतात. निवडतात, कारण पैसा उचलीतून जातो आणि उचलीतला प्रत्येक रुपया अंगमेहनतीने फेडायचा असतो. दरवर्षी नवा कागद घेणे चार-पाच हंगामांत महाग पडते हे त्यांनाही कळते. पण पुढच्या हंगामाचा हिशेब करायला हातात आजचा पैसा लागतो. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने योग्य निवासाची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली, मजुरावर नाही. कायद्यानेही यजमानपण ओळखले होते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: चांगली ताडपत्री म्हणजे अन्यायावर चांगले ठिगळ, पक्क्या खोल्यांची मागणी त्याने बोथट होईल. पक्क्या खोल्या, पाणी, संडास हवेतच. पण तोड फडाफडाने सरकते, पडावही हलतो, आणि खोल्या होईपर्यंतचे हंगाम कुणाच्या तरी मुलांच्या बालपणातले असतात. फिरत्या तांड्यातही निवारा हवा असे म्हणणाऱ्या विनयाने कायमच्या विहारांची परवानगी नाकारली नव्हती. दोन्ही त्याच विनयात आहेत.

तेव्हा ताडपत्री कारखान्याने द्यावी, उचलीत न धरता, आणि हंगाम संपल्यावर परत मागू नये. गोदामात जमा करून घेण्याची सोय कागदावर शहाणपणाची दिसेल, पण मग ती मजुराला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे खेचणारी आणखी एक दोरी होईल. ती त्याची असू द्यावी, शक्य तर कुटुंबातल्या बाईच्या नावावर, कारण कोपी उभी करणे आणि सावरणे तिच्याच वाट्याला येते. ज्येष्ठात ती नवापूरच्या नाहीतर डांगातल्या घरावर पसरता येईल. तिथली कौलेही गळतात.