मुदत संपल्यावर कोणास विचारावे?

गावच्या सभेत पुष्कळ वेळा असे घडते की, ठराव आधीच वहीत लिहिलेला असतो, आणि मग जमलेल्या मंडळीस विचारण्यात येते, "कोणाची काही हरकत आहे काय?" एखाद्याने हात वर केलाच, तर भरल्या पंगतीतून तो ताट टाकून उठला आहे, अशा नजरेने सगळे त्याच्याकडे पाहतात. मग "हरकत नाही" अशी नोंद होऊन सह्या व अंगठे घेतले जातात. अशा वेळी लोकांस विचारले, असे म्हणता येईल काय? हा प्रश्न लहानशा गावापुरता नाही. एका दूरच्या देशात नद्यांवरील धरणांच्या बाबतीत तो गेली कित्येक वर्षे लढविला जात आहे, आणि त्याचा विचार आपण केल्यास तो वाया जाणार नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२० साली असा कायदा झाला की, कोणा कंपनीस किंवा नगरपालिकेस नदीवर धरण बांधून वीज उत्पन्न करावयाची असेल, तर तिने राष्ट्रीय आयोगाचा परवाना घ्यावा, आणि त्या परवान्याची मुदत ५० वर्षांहून अधिक असू नये. (मध्यवर्ती सरकारची स्वतःची धरणे ह्यातून वगळलेली आहेत.) मुदत संपण्यापूर्वी निदान ५ वर्षे मालकाने आपला इरादा कळवावा लागतो व निदान २ वर्षे आधी अर्ज करावा लागतो. ह्या अवधीत सभा भरतात, पाहण्या होतात, आणि कोळी असो, शेतकरी असो, शहरातला कारखानदार असो, ज्याला काही म्हणावयाचे आहे त्याने ते लेखी कळवावे, अशी मुभा असते. १९८६ साली त्या कायद्यात अशीही भर पडली की, परवाना देताना विजेइतकेच वजन मासे, वन्य प्राणी व लोकांचे नदीवरील सुख ह्यांसही द्यावे.

मुदतीच्या ह्या कल्पनेत मोठा विचार साठलेला आहे, असे मला वाटते. आजोबाने आपल्या शेताचे पाणी शेजाऱ्यास दिले, तर ते नातवानेही जन्मभर द्यावे काय? आजोबाचा शब्द मोडू नये, हे खरे. परंतु ज्याचा त्या वेळी जन्मही झाला नव्हता, त्याला त्या शब्दाने कायमचे बांधून ठेवणे हेही न्यायाचे नव्हे. मुदत म्हणजे ह्या दोहोंमधली तडजोड होय. आम्ही देतो, पण आमच्या मुलांस पुन्हा विचारा, असे ती सांगते.

अडचण एवढीच की, कागदाला मुदत कळते, भिंतीला ती कळत नाही. भिंत एकदा उभी राहिली की तिच्याभोवती घरे होतात, धंदे होतात, सवयी होतात, मग पुन्हा विचारणे म्हणजे "आहे ते चालू द्यावे ना?" इतकेच होऊन बसते. पुष्कळ ठिकाणी तसेच झाले आहे. पुन्हा परवाना मिळणे हा नियम, आणि नकार मिळणे हा अपवाद.

त्या अपवादाचे एक उदाहरण मेन संस्थानात घडले. तेथे केनेबेक नदीवर ऑगस्टा गावी १८३७ साली बांधलेले एडवर्ड्स धरण होते. त्यापासून मिळणारी वीज साऱ्या संस्थानाच्या विजेच्या हजारातील एक भागाहूनही कमी होती. पण समुद्रातून अंडी घालण्यास नदीत येणाऱ्या माशांची वाट त्याने दीडशे वर्षांहून अधिक काळ अडविली होती. त्यांत सॅमन होते, आणि आपल्याकडील हिलशाच्या कुळातले शॅड व एलवाइफ हेही होते. १९९३ साली परवान्याची मुदत संपली. मच्छीमार व नदीप्रेमी ह्यांच्या संघांनी आपले म्हणणे वर्षानुवर्षे चिकाटीने मांडले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये आयोगाने दोन मतांविरुद्ध एक अशा बहुमताने परवाना नाकारला आणि मालकाच्या इच्छेविरुद्ध धरण काढण्याचा हुकूम दिला. असा हुकूम आयोगाने पूर्वी कधीच दिला नव्हता. १ जुलै १९९९ रोजी धरण फोडण्यात आले, आणि पुढे एलवाइफ मासे लाखांच्या संख्येने वर चढू लागले.

आता कोणी म्हणेल, ह्यात बिकट प्रश्न कोठे आहे? वीज थोडी, नुकसान फार. निकाल उघड आहे. मलाही तसेच वाटते. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील क्लामथ नदीची गोष्ट इतकी सोपी नाही, म्हणून तीच थोडी सविस्तर सांगतो.

क्लामथ नदी ओरेगन संस्थानात उगम पावून कॅलिफोर्नियातून समुद्रास मिळते. तिच्या काठी युरोक, कारुक, हूपा, शास्ता व वरच्या अंगास क्लामथ हे मूळनिवासी लोक राहत आले आहेत. सॅमन मासा हे त्यांचे अन्न, आणि त्यांच्या धर्मविधींतही त्यास स्थान आहे. १९१८ साली कोपको नावाचे पहिले मोठे धरण तेथे पुरे झाले. पुढे आणखी तीन झाली, त्यांपैकी शेवटचे आयर्न गेट हे १९६०-७० च्या दशकाच्या आरंभी. पहिल्या धरणापायी शास्ता लोकांची जमीन सक्तीने घेण्यात आली. त्यांची संमती कोणत्या सभेत विचारली, हे शोधण्याचे कारण नाही. त्या देशातील सर्व मूळनिवाशांस नागरिकत्वच मुळी १९२४ च्या कायद्याने मिळाले. भिंत आधी झाली, बोलण्याचा हक्क नंतर आला.

२००२ साली सप्टेंबरात नदीच्या खालच्या भागात उथळ व ऊन झालेल्या पाण्यात रोग पसरून ३०,००० हून अधिक सॅमन मरून पडले. काठावरच्या लोकांनी तो दुर्गंध पाहिला व सोसला. परवान्याची मुदत २००६ मध्ये संपणार होती. त्या वेळी धरणांच्या कंपनीची मालकी स्कॉटलंडातील एका कंपनीकडे होती, म्हणून हे लोक २००४ साली समुद्र ओलांडून तेथील भागीदारांच्या सभेस गेले व आपले गाऱ्हाणे सांगून आले. जे विचारावयास येत नाहीत, त्यांच्या दारी स्वतः जावे लागते.

मुदत संपली, पण निकाल झाला नाही. निकाल होईपर्यंत जुनाच परवाना वर्षावर्षाने वाढवावा, असा कायदा आहे. त्यामुळे विचारणे चालू आहे म्हणून धरणही चालू आहे, असा प्रकार १६ वर्षे झाला. ह्या काळात कंपनीचे मन वळले, ते दयेने वळले असे म्हणता येत नाही. नवा परवाना हवा तर माशांसाठी वाटा बांधा, अशी अट सरकारी खात्यांनी घातली, आणि त्या बांधण्यापेक्षा धरणे काढणे स्वस्त पडेल, असे हिशेबाने दिसून आले. लोकांच्या अश्रूंस वजन आले ते जमाखर्चाच्या वहीत. तथापि ती अट घालण्याइतका पुरावा ज्यांनी वर्षानुवर्षे जमविला, ते हेच लोक होते, हेही विसरू नये.

परंतु दुसरी बाजूही आहे. धरणांच्या मागे तलाव झाले होते व कोपको तलावाच्या काठी लोकांनी घरे बांधली होती. सिस्किऊ परगण्यात नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांस केवळ सल्ल्यादाखल विचारण्यात आले, तेव्हा चारांपैकी तिघांहून अधिकांनी धरणे काढू नका असे सांगितले. घराची किंमत जाईल, वणवा विझविण्यास पाणी राहणार नाही, अशी त्यांची भीती होती, आणि ती भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. ह्यांस विचारले, ह्यांनी स्पष्ट उत्तर दिले, आणि झाले मात्र त्याच्या उलट. मग हीही चावडीवरची पोकळ विचारणाच नव्हे काय?

ह्या शंकेपाशी मी बराच वेळ थांबलो. डोकी मोजणे हाच न्याय असेल, तर मोजणी कोणत्या हद्दीत करावयाची, हे आधी ठरले पाहिजे. नदीच्या मुखाशी राहणारे युरोक त्या परगण्याच्या बाहेर पडतात, म्हणून त्यांस तेथे मतच नव्हते. नदी मात्र त्यांच्या दारावरूनच वाहते. शिवाय तलावाकाठचा माणूस तलाव झाल्यावर आला. शास्ता मनुष्याची जमीन त्याच तलावाच्या तळाशी होती. दोघांचेही मत एकेक, हे खरे. पण एकास आजवर एकदाही विचारले गेले नव्हते, ह्याचे काही वजन धरावे की नाही? धरावे, असे माझे मत आहे. मात्र हे बोलताना जीभ जरा अडखळते. कारण "माझे दुःख जुने, म्हणून माझा शब्द भारी," असे ज्याने त्याने म्हणावयास आरंभ केला, तर तराजू कोणाच्या हाती द्यावा? म्हणून विचारणाऱ्याने नकार ऐकण्याची तयारी ठेवावीच, आणि ज्याचे म्हणणे मान्य केले नाही, त्यास ते का केले नाही हे कारणासह लेखी सांगावे. तलावाकाठच्या लोकांचे एवढे देणे तरी निश्चित होते.

येथे महाराष्ट्रातील वाचकास मुळशी आठवल्यावाचून राहणार नाही. तेथील मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापट ह्यांच्या पुढारीपणाखाली टाटांच्या वीज-धरणास विरोध म्हणून सत्याग्रह केला. पण धरण झाले, आणि भिरा येथे वीजही निघू लागली. त्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या. ह्या कायद्याने घेतलेली जमीन निर्वेधपणे व कायमची सरकारची होत असे. त्या कागदावर मुदत नव्हती, म्हणून प्रश्न आपल्या पायांनी पुन्हा चालत येण्याची वाटही नव्हती. २०१३ च्या नव्या कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती आवश्यक केली. ही मोठीच सुधारणा होय. परंतु ती संमती एकदाच विचारावयाची आहे.

क्लामथवर आयोगाने १७ नोव्हेंबर २०२२ रोजी धरणे सोडून देण्यास मंजुरी दिली. २०२३ मध्ये एक व २०२४ च्या शरदापर्यंत उरलेली तीन धरणे काढण्यात आली. सुमारे ४५ कोटी डॉलर त्यासाठी ठरविण्यात आले होते. त्यांतील २० कोटी कंपनीच्या ग्राहकांच्या वीजबिलांतून व बाकीचे कॅलिफोर्निया संस्थानाच्या कर्जरोख्यांतून. सर्व सुरळीत झाले असेही नाही. २०२४ च्या आरंभी नदीत सोडलेली सॅमनची सुमारे ८,३०,००० पिले आयर्न गेटच्या जुन्या बोगद्यातून जाताना मेली. त्याच वर्षी जून महिन्यात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी शास्ता लोकांस त्यांची सुमारे २,८०० एकर जमीन परत देण्यास पाठिंबा जाहीर केला. आणि ऑक्टोबरात, शेवटचे धरण निघाल्यावर थोड्याच दिवसांत, ओरेगनमधील एका उपनदीत सॅमन दिसले. वरच्या अंगास राहणाऱ्या क्लामथ लोकांच्या नद्यांत शंभर वर्षांहून अधिक काळ ते आले नव्हते.

त्याही वर कीनो व लिंक रिव्हर हे दोन बांध उभे आहेत. तेथील पाण्यावर शेकडो शेतकऱ्यांची पिके अवलंबून आहेत, आणि माशांस त्याच बांधांच्या शिड्यांवरून चढावे लागते. कमी पावसाच्या वर्षी ते पाणी शेतात किती सोडावे व नदीत किती ठेवावे, ह्यावर त्या खोऱ्यात आजही एकमत नाही.