संमती कोणाची?

आपल्यापैकी कित्येकांवर असा प्रसंग येऊन गेला असेल, किंवा उद्या येऊ शकेल. अम्मींच्या आजारासाठी आपण शहरातल्या मोठ्या रुग्णालयात गेला आहात. डॉक्टर सांगतात की या आजारावर एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे आणि अम्मी त्या चाचणीत बसू शकतील. पंधरा-वीस पानांचे कागद आपल्या हाती दिले जातात. अम्मी बाहेर बाकावर तस्बीह घेऊन बसलेल्या आहेत. आपण पाने उलटता, चार ओळी वाचता, शेवटच्या पानावर येता आणि विचारता, ‘सही कुठे करू?’

या प्रश्नात कोणाला काही वावगे वाटत नाही. मुलगा कर्ता आहे, शिकलेला आहे, त्याच्या मनात आईविषयी प्रेमाखेरीज दुसरे काही नाही. तरीही ज्या देहात ते औषध जाणार आहे त्या देहाच्या मालकिणीला अद्याप कोणी काही विचारलेले नाही. ‘मालकीण’ हा शब्दही येथे पुरता बरोबर नाही. देह ही अल्लाहची अमानत आहे, आणि ती आपल्या अम्मींच्या स्वाधीन केलेली आहे. तिच्याविषयीचा हिशेब त्यांना द्यायचा आहे, आपल्याला नाही.

मुळात अशा चाचण्या योग्य आहेत काय, हा प्रश्न आधी घेऊ. आपल्या वस्तीत याविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘गरिबांना उंदीर समजून त्यांच्यावर प्रयोग करतात, त्यांच्या वाऱ्याला उभे राहू नका.’ दुसरे म्हणते, ‘डॉक्टर सांगतात ते मुकाट्याने करा.’ पहिल्या मताला काही आधार आहे, त्याकडे पुढे येऊच. परंतु ते पूर्णपणे स्वीकारले तर आपल्या घरातले औषधांचे कपाट रिकामे करावे लागेल. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, क्षयावरील औषधे यांतील प्रत्येक औषध कोणीतरी आधी आपल्या देहावर घेऊन पाहिले, तेव्हा ते आपल्यापर्यंत पोहोचले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकविले आहे की अल्लाहने असा कोणताही रोग उतरविलेला नाही ज्याचा इलाज उतरविला नाही. इलाज उतरविलेला असेल तर तो शोधण्याचे काम माणसांवर आहे, आणि शोधाचा शेवटचा टप्पा माणसाच्या देहावरच पार पडतो. हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी ‘अल-कानून’ या ग्रंथात औषधे पारखण्याचे नियम घालून दिले, त्यातही हे सांगितले आहे. सिंहावर किंवा घोड्यावर औषध वापरून पाहिले, एवढ्यावरून माणसावरील त्याचा परिणाम सिद्ध होत नाही.

मद्रासचे उदाहरण पाहा. १९५६ साली तेथे क्षयरोगाच्या औषधोपचारांचे एक संशोधन केंद्र सुरू झाले. क्षयाच्या रोग्याला वर्ष-वर्ष आरोग्यधामात ठेवल्याशिवाय तो बरा होत नाही, अशी तोवर जगाची समजूत होती. मद्रासच्या दाटीच्या वस्त्यांतील गरीब रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात पोटभर आहार, विश्रांती आणि औषधे मिळाली. दुसऱ्या गटाने घरीच राहून तीच औषधे घेतली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागण झालेली नव्हती. आज आपल्या गल्लीतला क्षयाचा रुग्ण घरी राहून, मुलांबाळांत वावरून बरा होतो, त्यामागे त्या गरीब रुग्णांचा वाटा आहे. एका जिवाला वाचविणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचविणे, ही कुरआनची शिकवण आपण वारंवार ऐकतो. त्या रुग्णांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. अल्लाहला ती ठाऊक आहेत.

म्हणजे चाचणी हे स्वतः पाप नव्हे, आणि नियत शुद्ध असेल तर त्यात भाग घेणे नेकीचे काम होऊ शकते. परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि तिची सुरुवात आपल्याच इतिहासात सापडते.

हिजरी तिसऱ्या-चौथ्या शतकातील थोर वैद्य अबू बक्र रझी हे बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख होते. सरसाम, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, होऊ घातल्याची लक्षणे दिसत असता रक्त काढावे की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ‘अल-हावी’ या ग्रंथात त्यांची नोंद आहे की त्यांनी काही रुग्णांचे रक्त काढले आणि खरे काय ते कळावे म्हणून काही रुग्णांना मुद्दाम तसेच ठेवले. ज्यांचे रक्त काढले ते बचावले, उरलेल्यांना सरसाम झाला, असे त्यांना आढळले. तुलनेसाठी वेगळा गट ठेवण्याची ही कल्पना युरोपच्या कित्येक शतके आधीची आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. अभिमान ठीक आहे. पण ज्यांना ‘तसेच ठेवले’ त्यांना हे सांगितले होते काय? नोंद त्याविषयी काही बोलत नाही. शिवाय आज या आजारात कोणताही डॉक्टर रक्त काढणार नाही. रझींसारख्या कसलेल्या वैद्याच्याही डोळ्यांना त्या तुलनेने चकविले होते.

डोळ्यांना चकवा बसू नये म्हणून पुढे चिठ्ठ्यांची पद्धत आली. कोणत्या रुग्णाला नवे औषध आणि कोणाला जुने, हे डॉक्टरने ठरवायचे नाही, चिठ्ठीने ठरवायचे. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. आईच्या जिवाचा जुगार खेळायचा काय? परंतु जुगार आणि कुरआ यांत शरीअतने फरक केला आहे. ह. आयेशा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषित (स.) प्रवासाला निघताना कोणत्या पत्नीने सोबत यावे हे चिठ्ठी टाकून ठरवीत. ह. मरयम यांचा सांभाळ कोणी करावा, हेही असेच ठरल्याचा उल्लेख कुरआनात आहे. जेथे सर्वांचा हक्क सारखा असतो आणि एकाला निवडण्यासाठी न्याय्य कारण नसते, तेथे चिठ्ठी हाच न्याय असतो. चाचणीतही चिठ्ठी तेव्हाच वैध ठरते, जेव्हा दोहोंपैकी कोणते औषध चांगले हे डॉक्टरला खरोखरच ठाऊक नसते. ठाऊक असूनही तो चिठ्ठी टाकत असेल, तर ती खियानत आहे.

ब्रिटनमध्ये १९४७ साली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी झाली, तेव्हा ते औषध इतके दुर्मीळ होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते. १०७ क्षयरोग्यांपैकी ५५ जणांना औषध मिळाले, ५२ जणांना केवळ बिछान्यातली विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले ४ दगावले, दुसऱ्यातले १४. चिठ्ठी येथे न्याय्य होती, निष्कर्ष अनमोल होता. पण आपण एका चाचणीतले तुलनेचे रुग्ण आहोत, हे त्या ५२ जणांना अखेरपर्यंत सांगितले गेले नाही. आणि त्याच वर्षी न्यूरेंबर्ग येथे, नाझी डॉक्टरांनी छावण्यांत केलेल्या क्रूर प्रयोगांचा निवाडा करताना, न्यायालयाने पहिलाच नियम लिहिला की माणसाच्या स्वखुशीच्या संमतीवाचून त्याच्यावर प्रयोग होता कामा नये. क्रूर माणसांसाठी लिहिलेला नियम सज्जनांनाही लागू होतो, हे समजायला जगाला वेळ लागला.

सज्जन डॉक्टर रुग्णाला का सांगत नाही? बहुधा ‘मला ठाऊक नाही’ म्हणणे त्याला जड जाते म्हणून. इमाम मालिक (रह.) यांच्याकडे लोक दूरदूरच्या मुलखांतून प्रश्न घेऊन येत आणि त्यातल्या पुष्कळ प्रश्नांना ‘मला माहीत नाही’ एवढेच उत्तर घेऊन परतत. त्यांचा मान त्यामुळे घटला नाही. आपणही डॉक्टरकडून खात्रीच मागतो, आणि तो प्रामाणिकपणे अनिश्चितता बोलून दाखवू लागला की दुसरा डॉक्टर शोधतो. हा दोष आपला आहे.

आता त्या पहिल्या मताचा आधार पाहू. नायजेरियातील कानो हे बहुसंख्य मुस्लिम वस्तीचे शहर. १९९६ साली तेथे मेंदूच्या आवरणाच्या दाहाची भयंकर साथ आली, म्हणजे रझींच्या सरसामासारखाच आजार. फायझर कंपनीच्या पथकाने तेथील रुग्णालयात २०० मुलांची चाचणी घेतली. शंभरांना ट्रोवाफ्लॉक्सासिन हे नवे औषध, शंभरांना सेफ्ट्रिॲक्सोन हे जुने. नव्या औषधाच्या गटातली ५ आणि जुन्या औषधाच्या गटातली ६ मुले मरण पावली. पालकांचे म्हणणे असे की हा प्रयोग आहे हे आम्हाला सांगितलेच नाही, त्याच आवारात दुसरी संस्था रुळलेले औषध फुकट देत होती हेही नाही. कंपनीने आरोप नाकारले, तोंडी संमती घेतली होती असे सांगितले. अखेर २००९ साली तिने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली.

वरचे आकडे पुन्हा वाचा. त्यांवरून नवे औषध जुन्याहून अधिक घातक होते असे म्हणता येत नाही. मग त्या पालकांचा संताप कशासाठी होता? त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांना न विचारता त्यांच्या मुलांविषयी निर्णय झाला होता, यासाठी. निष्कर्ष चांगला निघाला म्हणून न विचारण्याचा गुन्हा धुतला जात नाही. आणि त्याची किंमत तेवढ्यावर थांबली नाही. २००३ साली कानोमध्ये पोलिओच्या लसीवर बहिष्कार पडला. त्याची कारणे अनेक होती, पण १९९६ची आठवण त्यात होतीच. बहिष्कार जवळजवळ वर्षभर चालला. उत्तर नायजेरियातला विषाणू पोलिओमुक्त झालेल्या देशांत पुन्हा पसरला आणि मुले पांगळी झाली. विश्वास हीसुद्धा अमानतच, आणि ती मोडली की भरपाई त्यांना करावी लागते ज्यांचा त्या प्रकरणाशी काही संबंध नसतो.

परंतु कंपन्यांना बोल लावणे सोपे आहे. न विचारण्याचा दोष आपल्या घरातही शिरतो, आणि तेथे तो प्रेमाच्या वेषात येतो.

बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत ह. आयेशा (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. प्रेषित (स.) यांच्या अखेरच्या आजारात घरच्यांनी त्यांच्या मुखात एका बाजूने औषध घातले. ते देऊ नका, असे प्रेषित (स.) खुणेने सांगत होते. घरच्यांना वाटले, आजारी माणसाला औषध नकोसे वाटते, तसेच हे. शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारले की मी मनाई केली नव्हती काय? मग त्यांनी फर्माविले की घरात असलेल्या प्रत्येकाच्या मुखात तेच औषध घातले जावे, केवळ ह. अब्बास (रजि.) यांना वगळले, कारण औषध देताना ते हजर नव्हते. वाचकहो, त्या घरातल्यांपेक्षा अधिक प्रेम करणारे कुटुंब आपण कल्पू शकतो काय? तरीही ‘रुग्णाला काय कळते’ हा त्यांचा अंदाज मान्य झाला नाही. भाष्यकारांनी या प्रसंगाचे अनेक अर्थ केले आहेत. मला त्यात रुग्णाच्या नकाराचा मान दिसतो.

दुसरा प्रसंग फेफरे येणाऱ्या एका काळ्या वर्णाच्या स्त्रीचा. ती दुआ मागण्यासाठी आली. प्रेषित (स.) यांनी तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. सब्र करून जन्नत, किंवा बरे होण्यासाठी दुआ. तिने सब्र निवडला, आणि एवढेच मागितले की झटका आला असता अंगावरचे वस्त्र दूर होऊ नये. तेवढी दुआ तिच्यासाठी केली गेली. तिच्या नवऱ्याला किंवा भावाला विचारल्याचा उल्लेख नाही. तिला काय हवे ते तिला ठाऊक होते, आणि ते आपण तिच्याविषयी जे ठरविले असते त्याहून निराळे होते.

येथे कोणी म्हणेल, बेशुद्ध माणसाचे काय, लहान मुलाचे काय? तेथे वली हवाच, आणि कायदाही तसेच मानतो. पण आपल्या देशातील मार्गदर्शक तत्त्वे सात वर्षांवरील मुलाला त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याचाही होकार घ्यायला सांगतात. सातव्या वर्षी आपण मुलाला नमाजला उभे करतो. त्याच वयात त्याला आपल्या देहाविषयी विचारले जावे, हा योगायोग मला फार आवडला. मग सत्तर वर्षांच्या अम्मींना का विचारू नये? ‘त्या घाबरतील’ हे कारण आपण देतो. खरे म्हणजे पुष्कळदा आपण त्यांच्या नकाराला घाबरत असतो.

एक अवघड बाब पैशाची. निरोगी माणसांवर होणाऱ्या चाचण्यांत मोबदला मिळतो, आणि रोजगार नसलेली तरुण मुले त्यासाठी जातात. गेलेल्या वेळेची व मजुरीची भरपाई घेण्यात गैर नाही. पण ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही त्याचा होकार किती मोकळा असतो? लाचार माणसाने केलेल्या सौद्याकडे आपले फुकहा नेहमी संशयाने पाहत आले आहेत. अशा मुलाला दटावण्याआधी त्याच्या मोहल्ल्याने आपल्या जकातीचे काय केले, हे पाहावे.

आता पुन्हा रुग्णालयाच्या त्या दालनाकडे. भारतात २०१९च्या नियमांनुसार संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. म्हणजे मराठीत किंवा उर्दूत मागण्याचा आपल्याला हक्क आहे. रुग्णाला वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर ते वाचून दाखवावे लागते. चाचणीतून कधीही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार विनामूल्य, शिवाय भरपाई. २००९पासून प्रत्येक चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करावी लागते आणि ती कोणालाही पाहता येते. चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य असतात. त्यांत एक सामान्य नागरिक हवा, एक स्त्री हवी, आणि एका जागेसाठी समाजशास्त्रज्ञ, नीतितज्ज्ञ अशांच्या बरोबरीने धर्मशास्त्राचा जाणकारही चालतो. आपल्या शहरांतील किती उलमांना ही जागा असल्याचे ठाऊक आहे? २००६ साली अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने माणसांवरील वैद्यकीय संशोधनाच्या शरई नियमांचा ठराव केला. त्याची चर्चा आपल्या जुम्याच्या खुत्ब्यांत मी तरी ऐकलेली नाही.

कागद घेऊन बाहेर या. अम्मींच्या शेजारी बाकावर बसा आणि तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. एका बैठकीत होणार नाही. घरी न्या, दोन दिवस मागा, डॉक्टरने ते द्यायला हवेत. त्या कदाचित विचारतील, ‘रमजानमध्ये रोजा ठेवता येईल का?’ हा प्रश्न आपल्याला सुचला नसता. तो डॉक्टरला विचारायचा आहे, आणि विचारताना अम्मींनाही आत घेऊन जायचे आहे.