शुक्रवारचं टोकन

चेन्नईत बेझंट नगरला आत्याच्या गॅलरीतून समुद्र दिसत नाही, वास तेवढा येतो. फिल्टर कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत ती म्हणाली, "तोंड का उतरलंय?"

"नोकरकपातीची यादी आलीय. माझ्या टीममधली चार माणसं. गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे. आणि आज त्यातलाच एक विचारतोय, मॅडम, पेरुंगळत्तूरच्या फ्लॅटचं टोकन शुक्रवारी भरू ना?"

"तू काय म्हणालीस?"

"घाई करू नकोस, नीट विचार कर. एवढंच. आवाज अगदी मऊ ठेवला. शिबिरात शिकवलंय तसं."

"मऊ आवाजानं त्याचे हप्ते फिटणार आहेत का?"

शिबिर भावनिक बुद्धिमत्तेचं होतं. त्यानंतर डॅनियल गोलमन यांचं 1995 सालचं पुस्तक मी आत्याला हौसेनं आणून दिलं होतं. आत्ता त्यावर कॉफीची वाटी होती.

"धवनांची गोष्ट सांगितली असेलच तिथे."

सांगतातच. श्रीहरिकोटा इथून उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळे ही गोष्ट इथल्या प्रशिक्षणांत टळत नाही. 10 ऑगस्ट 1979 ला एसएलव्ही-3 रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळलं. मोहिमेचे संचालक कलाम. संगणक थांबा म्हणत असताना पुढे जायचा निर्णय त्यांचाच. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन बसले आणि अपयश अंगावर घेतलं. 18 जुलै 1980 ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा त्यांनी पत्रकार परिषदेला कलामांना पुढे केलं. कलामच ही आठवण पुढे सांगत राहिले.

"त्या दिवशी धवनांचा आवाज मऊ होता की करडा, हे सांगतं का कुणी?" आत्यानं विचारलं. "नाही ना? ते त्या खुर्चीत जाऊन बसले, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं."

"धवन अध्यक्ष होते, आत्या. माझ्या डोक्यावर चार साहेब आहेत. सांगितलं तर नोकरी जाईल. बरं, तेही सोड. त्यानं विचारलं म्हणून त्याला सांगायचं, आणि बाकीच्या तिघांनी विचारलं नाही म्हणून त्यांना नाही? हा कुठला न्याय?"

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. सहसा असं होत नाही.

"खरंय. त्याला नको सांगूस."

मला हायसं वाटलं. ते तिच्या नजरेतून सुटलं नसावं.

"यादी काढणाऱ्यांना सांग. चौघांनाही याच आठवड्यात कळवा म्हणावं. एकाचा फ्लॅट आहे, दुसऱ्याकडे मुलीची फी असेल, आजारपण असेल. सही खाली न बोलण्याची केलीस ना? वर बोलायचं नाही, असं कुठे लिहिलंय?"

मी सही केलेला कागद मनातल्या मनात वाचून काढला. नव्हतं लिहिलेलं.

"फार भावनिक होतेस म्हणतील मला."

"म्हणतील. वरच्यांशी कसं बोलायचं, ते शिकवलं का शिबिरात?"

"नाही. दोन्ही दिवस खालच्यांशी बोलण्याचेच होते."

तिनं पुस्तकावरची वाटी उचलली. मुखपृष्ठावर गोल डाग पडला होता.

मी फोन हातात घेतला. आज मंगळवार आहे.